पोटातला कोश: कात्री कधी लावायची, कुठे थांबवायची

डोंबिवलीहून एका भावाने विचारलं आहे. धाकटी बहीण, वय 23, नोकरी ऐरोलीला. गेले 14 महिने अधूनमधून पोटात कळा येतात, पोट फुगतं, हिरव्या उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप उतार पडतो. वजन 52 वरून 41 किलोवर आलंय, पाळी चार महिने नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘अ‍ॅबडॉमिनल कोकून’, म्हणजे पोटातला कोश, असं लिहून आलं, सोबत पोटात थोडं पाणी, काही गाठी, आणि शेवटच्या ओळीत एसएमए सिंड्रोमची (आतड्याच्या मुख्य धमनीखाली आतडं दाबलं जाण्याची) शंका. पोटातल्या पाण्याचा एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) 62, जीनएक्सपर्ट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे स्वच्छ, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 2.6. एक सर्जन म्हणाले लगेच ऑपरेशन, दुसरे म्हणाले आधी टीबीची औषधं. कोणाचं ऐकायचं, आतडं कापावं लागेल का, दुर्बिणीतून होईल का, आणि घरात कोणाला साधा खोकला नसताना टीबी आला कुठून?

दोघांचंही ऐका, पण क्रम दुसऱ्यांचा ठेवा. तुमच्या बहिणीच्या पोटाला मी हात लावलेला नाही, त्यामुळे जे लिहितोय ते तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आणि 24 वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात पोटं उघडून जे दिसलं त्यावरून.

हे नेमकं काय असतं, ते आधी. आपलं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. ते पोटात मोकळं असतं, सरकतं, लाटेसारखं आकसत अन्न पुढे ढकलतं. या आजारात त्याच्याभोवती एक पांढरं, चिवट आवरण तयार होतं आणि सगळी वेटोळी त्या पिशवीत कोंबली जातात. शहाळं फोडल्यावर आतली मलई दिसते ना, रंग साधारण तसा, पण मलईसारखं चमच्याने निघत नाही. जाडी कुठे कागदाएवढी, कुठे चामड्याएवढी. पहिल्यांदा बघणारा रेसिडेंट हमखास विचारतो, ‘सर, आतडं कुठाय?’ कारण पोट उघडल्यावर आतडं दिसतच नाही, मधोमध एक गुळगुळीत गठ्ठा दिसतो. आतड्याचा काही भागच आत असेल तर पहिला प्रकार, सगळं लहान आतडं आत असेल तर दुसरा, आणि अपेंडिक्स, जठर, बीजांडकोश वगैरे शेजारीही ओढले गेले असतील तर तिसरा. रिपोर्टात प्रकार लिहिला नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारून घ्या, ते सीडी बघून सांगू शकतात.

1907 मध्ये याचं पहिलं वर्णन झालं, पण कोकून हे नाव पडलं 1978 मध्ये, सिंगापूरच्या सर्जननी वयात आलेल्या मुलींमध्ये हा प्रकार बघून लिहिलं तेव्हा. मुलींमध्येच का, याचं उत्तर म्हणून पाळीचं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जात असेल अशी एक कल्पना मांडली गेली. मला ती कधी पटली नाही, कारण पुरुषांच्या पोटातही हाच कोश आम्ही काढतो. वर्षानुवर्षं पोटातून डायलिसिस केलेल्यांमध्ये हा होतो, प्रॅक्टोलॉल नावाच्या ब्लडप्रेशर-हृदयाच्या जुन्या औषधाने व्हायचा (ते औषध 1970च्या दशकातच मागे घेतलं गेलं), काही वेळा कारण सापडतच नाही. पण मुंबईत, तरुण वय, पोटात पाणी, गाठी, वजन घटलेलं असं चित्र असेल तर माझ्या डोक्यात पहिलं नाव टीबीचं येतं आणि बहुतेक वेळा ते बदलावं लागत नाही.

खोकला नसण्याचं कोडं तसं सोपं आहे. जंतू बहुधा श्वासातूनच येतात, पण सगळ्यांच्या छातीत ठाण मांडतात असं नाही. काही रक्तातून किंवा गिळलेल्या थुंकीतून पोटात पोचतात, पोटाच्या अस्तरावर बसतात आणि छाती स्वच्छ राहते. फलाटावर, लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या बंद एसीत कोण शेजारी खोकत होतं याचा हिशोब कोणी ठेवत नाही. घरच्यांसाठी दिलासा एवढाच की फुफ्फुसात आजार नसेल तर पोटाचा टीबी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिचं ताट-पेला वेगळा काढला असेल तर आजच परत एकत्र करा.

जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं धरू नका. पोटातल्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, चाचणीला ते सापडतीलच असं नाही. एडीए 39-40च्या वर गेला की टीबीचा संशय बळावतो, तुमचा 62 आहे. पण एडीए हा साक्षीदार आहे, पुरावा नव्हे. पोटातल्या लिम्फोमामध्येही, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्येही, तो वाढतो. म्हणून पहिली गोष्ट: सोनोग्राफीच्या आधाराने जाड झालेल्या चरबीच्या पदराचा किंवा गाठीचा सुईने तुकडा घेता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. आतड्याच्या उजव्या कोपऱ्यात सूज दिसत असेल तर कोलोनोस्कोपीतून घेता येतो. त्या तुकड्याचे दोन भाग होऊ द्या, एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा साध्या सलाईनमध्ये जीनएक्सपर्ट आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला. पुष्कळदा सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवला जातो, आणि मग कल्चर करायला काहीच उरत नाही. मुंबईत औषधांना न जुमानणारा टीबी इतका आहे की कोणतं औषध चालेल हे कळल्याशिवाय सहा महिने गोळ्या घेत राहणं मला धोक्याचं वाटतं. बाटली कोणती हे विचारायला लाजू नका.

आता ती एसएमएची ओळ. पोटातल्या महाधमनीतून आतड्याची मुख्य धमनी, म्हणजेच एसएमए, फुटते आणि त्या दोघींच्या बेचक्यातून लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, जातो. बेचक्यात चरबीची गादी असते. कोन साधारण 38 ते 65 अंशांचा. माणूस 11 किलो वाळला की गादीही वाळते, कोन मिटतो, रिपोर्टात 20-22 अंश छापून येतात. बऱ्याचदा हा वाळल्याचा परिणाम असतो, वाळण्याचं कारण नव्हे. त्यासाठी बायपासचं वेगळं ऑपरेशन सुचवलं गेलं तर थांबा. वजन भरलं की हा कोन बहुधा आपसूक उघडतो. एकाच पोटात दोन दुर्मिळ आजार असायला हरकत नाही, पण मी आधी एकाच आजाराने सगळं जुळतंय का ते बघतो.

मग लगेच ऑपरेशन का नको? यासाठी आत काय चालतं ते सांगावं लागेल.

मधोमध चीर देऊन आत शिरतानाच पहिला धोका असतो. पोटाचं अस्तर कुठे संपलं आणि कोशाचं आवरण कुठे सुरू झालं, हे कळत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. घाई केली तर अस्तर समजून आतड्यातच शिरतो. मी शक्यतो वरच्या टोकाला, यकृताच्या खाली, जिथे मोकळी जागा मिळण्याची शक्यता जास्त, तिथून आत जातो. मग गठ्ठ्याला हात न लावता उजवीकडे खाली जातो, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. तिथे आतड्याची शेपटी बहुतेक वेळा पिशवीतून बाहेर डोकावत असते. ते टोक सापडलं की धागा हाती लागला. आवरणाला एक छोटी खिडकी करायची, ओलं गॉज बोटाला गुंडाळून हलकेच सरकवायचं, जिथे सुटतं तिथे सोडवायचं, सुटत नाही तिथे कात्रीची बंद टोकं सरकवून उघडायची. एकच लक्षात ठेवायचं, पदर निघाला तर आवरणाचा निघावा, आतड्याचा नको. कॉटरी, म्हणजे विजेने जाळत कापणारं हत्यार, मी तिथे जवळपास वापरत नाही. जळलेली जागा टेबलावर चांगली दिसते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फुटते.

तीन-चार तास हे चालतं. या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणं, आणि ती मी चूक करून शिकलो. 1990च्या दशकाचा शेवट, मी नवा लेक्चरर. 19 वर्षांची मुलगी, तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी हीच पोटदुखी अपेंडिक्सची म्हणून अपेंडिक्स काढलेलं. कोश छान सोडवला. शेवटी ओटीपोटात तीन वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली उरली. त्यांतून गॅस पुढे सरकताना मला डोळ्यांनी दिसत होता, म्हणजे अडथळा नव्हता. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, झालं ना आता?’ पण मला ‘पूर्ण’ काढायचं होतं. मूत्राशयामागे टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं. शिवलं. पाचव्या दिवशी सकाळच्या राउंडला ताप नव्हता, पण नाडी 124, आणि संध्याकाळी ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत हिरवं पाणी. फिश्चुला, म्हणजे आतड्यातून बाहेर फुटलेली वाट. 47 दिवस ती वॉर्डात होती. पाचक रसाने बेंबीभोवतीची कातडी भाजल्यासारखी सोलून निघायची, झिंक ऑक्साइडचा लेप तासातासाला लागायचा. शेवटी भोक आपोआप बंद झालं आणि ती 34 किलोची होऊन घरी गेली. ती वाचली याचं श्रेय माझ्यापेक्षा त्या वॉर्डातल्या सिस्टरांचं आणि जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्या तिच्या आईचं.

म्हणून आतडं कापावं लागेल का, याचं उत्तर: होता होईतो नाही. आवरण सोडवायचं, अडथळा मोकळा करायचा, जी वेटोळी चिकटलेली असूनही चालती आहेत त्यांना हात लावायचा नाही. टीबीने एखादी जागा अरुंद झाली असेल तर लांबीला चीर देऊन रुंदीला शिवता येते, तुकडा काढावा लागत नाही. काळं पडलेलं, मेलेलं किंवा फाटून शिवता न येणारं आतडं असेल तरच काढायचं. आतडं दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही आणि त्या आयुष्याचा खर्च आणि त्रास मुंबईतल्या मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. ऑपरेशनच्या आधी सर्जनना सरळ विचारा, ‘तुम्ही आतड्याचा किती भाग काढाल असं वाटतं?’ ‘बघू, लागेल तेवढा’ असं उडवून लावणाऱ्यापेक्षा ‘एकही इंच काढायचा नाही असा प्रयत्न असेल, पण...’ असं म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता तुमच्या बहिणीचा 2.6 अल्ब्युमिनचा आकडा बघा. या पोटात आज टाके घातले तर ते धरतील याची खात्री मी देणार नाही. तिचा अडथळा येतो-जातो, गॅस होतोय, म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. तो वेळ टीबीच्या औषधांना आणि अन्नाला द्यायचा. औषधं नेहमीच्या संवेदनशील टीबीची असतील तर पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. सुरू करण्याआधी लिव्हरची आणि एचआयव्हीची तपासणी. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद व्हायलाच हवी, ती खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि त्याच नोंदीवर पोषणासाठी दरमहा 1000 रुपये खात्यात येतात. पैसे थोडेच आहेत, पण अंड्यांचा खर्च निघतो. लघवी केशरी होईल, घाबरू नका. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर डॉक्टरांना कळवा, नाहीतर औषध पोटात जातंय या भ्रमात महिना जातो.

खाण्यात उद्देश एकच, चोथा कमी आणि प्रथिनं जास्त. 41 किलोला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतील. तीन अंडी, दोन पेले दूध आणि 100 ग्रॅम पनीर एवढ्यानेच पन्नाशीच्या जवळ जाता येतं. मऊ भात, गाळलेलं वरण, दही, नाचणीची गाळलेली पेज. मासे खात असाल तर ताजे बोंबील उत्तम, मधला काटा काढून. ज्वारी-बाजरीची भाकरी, अख्खी मटकी, कोशिंबीर, शेवग्याच्या शेंगा, पेरू, ओल्या खोबऱ्याचे तुकडे सध्या बंद. एका जागी अडकायला यांतला एक तुकडा पुरतो. तीन जेवणांऐवजी सहा छोटी. आणि ती अनेक दिवस जवळपास उपाशी असेल तर एकदम भरपेट ग्लुकोज चढवू नये, फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो. आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-1), मग हळूहळू, रक्त तपासत. हे हॉस्पिटलात चार-पाच दिवस ठेवूनच करावं.

एरंडेल, कडक जुलाब, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं यांतलं काहीही नको. अडलेल्या आतड्याला जुलाब देणं म्हणजे बंद नळाला पंप लावणं.

दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं. वजन वाढलं, कळा थांबल्या तर ऑपरेशन टळलंही असेल, असे रुग्ण मी पाहिले आहेत. औषधाने आजार बरा होताना आतलं आकसूनही येतं, त्यामुळे काहींना औषधं चालू असतानाच अडथळा वाढतो. ते औषध चुकल्याचं लक्षण नसतं, पण तेव्हा ऑपरेशन लागतं, फरक एवढाच की तोवर अल्ब्युमिन साडेतीनच्या आसपास आलेलं असतं आणि आवरण कमी रक्ताळ झालेलं असतं. पहिल्या सर्जनचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त वेळ आलेली नव्हती.

वाट बघायची नाही असे प्रसंग मात्र पाठ करून ठेवा. उलट्या चालूच आणि 12 तासांत गॅसही नाही. उलटी हिरव्याची तपकिरी आणि घाण वासाची झाली. लाटेसारखी येणारी कळ न थांबणारी एकसारखी दुखरी झाली. ताप, किंवा आडवं पडून मोजलेली नाडी 110च्या वर. यांतलं काहीही झालं तर ओपीडीची वेळ बघू नका, कॅज्युअल्टीत जा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. मोजक्या रुग्णांत होतं, विशेषतः पहिल्या प्रकारात. पण गॅस भरायला पोटात मोकळी जागा लागते, आणि पहिली नळी आंधळेपणाने घातली तर ती आतड्यातच जाऊ शकते. निदानासाठी, तुकडा घेण्यासाठी, उघड्या पद्धतीने एक छोटी नळी घालून बघणं ठीक. सबंध कोश दुर्बिणीने काढून देतो असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यांना, असे किती केलेत, एवढंच विचारा.

कुठे जावं? केईएम, सायन, नायर, जेजे या चारही ठिकाणी पोटाचा टीबी रोजचा आहे आणि नवख्या चकाचक ओटीपेक्षा हा सराव महत्त्वाचा. गर्दी आहे, केसपेपरची रांग आहे, बेड मिळायला दिवस लागतील. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जा, महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथेच कळेल. डॉक्टरांना भेटताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. मी रिपोर्ट शेवटी वाचतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्या लग्नाचं चाललं असेल म्हणून लिहितो. रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, दुसरा उपाय हवा. पाळी बहुधा वजनामुळे थांबली असावी, वजन आलं की येईल. तरीही नळ्या आणि गर्भाशयाला टीबी आहे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा पाहून घ्या, आत्ताच, मूल हवं असेल तेव्हा नव्हे.

ऑपरेशन झालंच तर पहिला आठवडा नाकातली नळी, आतडं जागं व्हायला कधी दहा दिवसही लागतात, घरच्यांचा धीर तिथे सुटतो. ‘गॅस पास झाला का’ हे वॉर्डात आल्या-गेल्या प्रत्येकाने विचारू नये, एकानेच विचारावं. सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही. ऑफिसला महिन्या-दीड महिन्याने जाता येईल, तेही ऐरोलीला घरून काम मिळालं तर बरं. ठाण्याला गाडी बदलताना सकाळच्या गर्दीत पोटावर कोणाचं कोपर बसेल सांगता येत नाही, म्हणून तीन महिने साडेदहानंतरची स्लो लोकल.